मेरुरज्जूची दुखापत आणि विरघळणारी परांची

आमच्या वसाहतीत रंगकाम करणारा एक तरुण राहतो. काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर बांबूच्या परांचीवर उभा असताना सुंभाची एक गाठ सुटली आणि तो खाली वाळूच्या ढिगावर पडला. ढीग होता म्हणून जीव वाचला. डोक्याला साधी खोकही पडली नाही. परंतु कमरेखालचे शरीर त्या क्षणापासून त्याचे राहिले नाही. सोबतच्या मजुरांनी त्याला हातापायांना धरून उचलले, रिक्षात कसेबसे बसवले आणि रुग्णालयात नेले. छातीच्या मागचा दहावा मणका चिरडला होता. शस्त्रक्रिया झाली, पट्ट्या आणि स्क्रू बसले. काही महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा मणका उत्तम जुळलेला दिसला. पाय मात्र हलले नाहीत.

तो एक्स-रे हातात धरून त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले होते, "भाऊ, हाड तर जुळलं. मग आतली दोरी का जुळत नाही?"

आम्ही अनेक वर्षे एका रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात नोकरी केलेली. तरीही त्या माणसाला समजेल असे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. "ती जुळत नसते," एवढेच बोलून आम्ही मोकळे झालो. पुढच्या वर्षभरात त्या कुटुंबाने गावाकडची दीड एकर जमीन विकली आणि 'मूळपेशींची इंजेक्शने' देणाऱ्या एका खाजगी दवाखान्यात ते पैसे भरले. त्या इंजेक्शनांनी काहीही झाले नाही. आमच्याकडून उत्तर मिळाले नाही म्हणून त्यांनी ते दुसरीकडे शोधले, असे आम्हाला आजही वाटते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आरोग्यावर काही लिहा असे सुचवले, तेव्हा राहून गेलेले ते उत्तरच लिहावे असे आम्ही ठरवले. आज जगभरातील प्रयोगशाळांत मेरुरज्जू सांधण्यासाठी जी नवी सामग्री तयार होत आहे, तिची ओळखही त्यातच करून देता येईल.

प्रथम ती 'दोरी' म्हणजे काय ते पाहू. मेरुरज्जू मेंदूच्या तळापासून निघतो आणि मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरतो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी असते. त्यातून ३१ जोड्या मज्जातंतू दोन्ही बाजूंना फुटतात. नाव रज्जू असले तरी तो दोरीसारखा चिवट नाही. हाताला लागतो तो खरवसासारखा मऊ. म्हणूनच निसर्गाने त्याला हाडांच्या नळीत ठेवले आहे. ही नळी चेपली, की आतला खरवस चिरडतो.

त्यात असतात लक्षावधी अक्षतंतू. चेतापेशीचा मुख्य देह एका जागी असतो आणि तिच्यातून केसाहूनही कितीतरी बारीक असा एक लांबलचक धागा निघतो, तो अक्षतंतू. पायाचा अंगठा हलवण्याचा हुकूम देणारी पेशी मेंदूत बसलेली असते आणि तिचा धागा थेट कमरेपर्यंत येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात टेलिफोनच्या केबलचे चित्र असते. रस्ता खोदताना केबल तुटली, की माणूस येऊन खड्ड्यात बसतो आणि तारेला तार जोडत जातो. इथे तसे का करता येत नाही? कारण तारेचे तुटलेले टोक तारच राहते. अक्षतंतूचे तसे नाही. आपल्या पेशीपासून तुटलेला खालचा भाग काही दिवसांतच मरून विरतो. जोडायला पलीकडे काही शिल्लकच उरत नाही. जे करायचे असते ते जोडकाम नव्हे. वरच्या जिवंत बुंध्यातून धागा पुन्हा फुटावा लागतो, दुखापतीची जागा ओलांडावी लागते आणि खाली आपल्या योग्य पेशीपर्यंत पोहोचावे लागते. वडिलांच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा.

दुसरा भाग अधिक नवलाचा आहे. विळीने किंवा कोयत्याने बोटाचा मज्जातंतू कापला गेला आणि शल्यविशारदाने तो नीट शिवला, तर त्यातले धागे पुन्हा वाढतात. वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, पण वाढतात. काही महिन्यांनी बोटाला स्पर्श कळू लागतो. मग हाताच्या मज्जातंतूला जे जमते ते मेरुरज्जूला का जमू नये?

याला फार जुना इतिहास आहे. इजिप्तमध्ये सापडलेली आणि एडविन स्मिथ या नावाने ओळखली जाणारी एक वैद्यकीय गुंडाळी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची मानली जाते. तीत मान निखळलेल्या माणसाचे वर्णन आहे. हातपाय कळत नाहीत, लघवी नकळत झिरपते, हे सर्व त्या वैद्याने टिपले आहे. आणि निर्णय दिला आहे की, या दुखण्यावर उपचार करू नयेत. त्यानंतर साडेतीन हजार वर्षांनी स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेले अक्षतंतू पाहिले. त्यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. तुटलेल्या टोकांना कोंब फुटतात, पण थोडे पुढे जाऊन ते खुंटतात, असे त्यांना दिसले. प्रौढ मेंदू व मेरुरज्जूत वाढीचे झरे आटलेले असतात, अशा अर्थाचे त्यांचे मत पुढे अर्धे शतक ब्रह्मवाक्य मानले गेले.

ते डळमळीत केले कॅनडातील माँट्रियल येथील अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युअल डेव्हिड यांनी. त्यांनी उंदराच्या पायातला मज्जातंतूचा तुकडा काढला. त्याचे एक टोक मेंदूच्या तळाशी आणि दुसरे मेरुरज्जूत रोवले. म्हणजे एक बाह्यवळण रस्ताच बांधला. १९८१ साली त्यांनी जाहीर केले की, मेंदू आणि मेरुरज्जूतल्या पेशींचे धागे या तुकड्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाशी पोहोचून पुन्हा मेरुरज्जूत शिरताच मात्र ते थांबले. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग होय. बियाणे मेलेले नव्हते, जमीन नापीक होती, हे त्याने दाखवून दिले. आणि जमीन बदलता येते.

ती नापीक का, याचा शोध मग सुरू झाला. स्वित्झर्लंडचे मार्टिन श्वाब यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, अक्षतंतूंभोवती जे मायलिनचे वेष्टन असते त्यातच वाढ रोखणारे घटक आहेत. त्यांपैकी एकाला पुढे 'नोगो' असे नाव मिळाले. याशिवाय जखमेभोवती ताराकृती पेशींची एक दाट भिंत उभी राहते आणि ती साखरेच्या साखळ्या असलेली काही प्रथिने सोडते. त्यांना टेकताच वाढणारा धागा मागे फिरतो. या भिंतीला अनेक वर्षे शास्त्रज्ञांनी खलनायक ठरवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगळेच दिसले. उंदरांत ही भिंत होऊच दिली नाही, तरी धागे वाढले नाहीत. उलट भिंत असताना आणि योग्य पोषक घटक मिळाले असताना ते तिच्यातून पार झाले. विज्ञानात आरोपी पुष्कळदा असा निर्दोष सुटतो.

माणसाच्या दुखापतीत आणखी एक भर पडते. प्रयोगशाळेत मेरुरज्जू धारदार पात्याने कापता येतो. पडून किंवा वाहनाच्या धडकेने झालेल्या दुखापतीत तो चिरडतो. पहिला आघात क्षणभराचा असतो, पण त्यानंतर तास, दिवस, आठवडे आत पडझड चालू राहते. रक्तस्राव होतो, सूज चढते, शेजारच्या धडधाकट पेशीही मरतात. शेवटी त्या जागी पाण्याने भरलेली एक पोकळी उरते. पूल वाहून गेल्यावर नदीचे पात्र उरावे तशी. वाढू पाहणाऱ्या धाग्याला पाय ठेवायलाही तिथे काही नसते.

याच पोकळीत जैवसामग्रीचे काम सुरू होते. इंग्रजीतून आलेला बायोमटेरियल हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी असतो. त्याचा अर्थ, शरीराच्या आत ठेवली असता शरीराने सहन करावी आणि जिने तिथे काही उपयोगाचे काम करावे, अशी कोणतीही सामग्री. ही काही परकी गोष्ट नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवले जाणारे भिंग ही जैवसामग्रीच. आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप तयार केली आणि १९९० साली ती पहिल्यांदा माणसाला बसवली. बाळंतपणात घातलेले टाके 'आपोआप विरघळतील' असे डॉक्टर सांगतात, तोही हाच प्रकार.

या टाक्यांपाशी थोडे थांबू. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक या दोन आम्लांचे रेणू एकमेकांना गुंफून असे धागे बनवतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे तेच. शरीरातल्या पाण्याने ही गुंफण हळूहळू सुटते, आम्ले मोकळी होतात आणि शरीर त्यांची नेहमीच्या पद्धतीने विल्हेवाट लावते. शास्त्रज्ञांनी विचार केला, की याच पदार्थाचा स्पंजासारखा सच्छिद्र तुकडा करून मेरुरज्जूच्या पोकळीत ठेवला तर? पेशींना चढायला आधार मिळेल, छिद्रांतून रक्तवाहिन्या व अक्षतंतू शिरतील आणि त्यांचे काम झाले की तुकडा विरघळून जाईल. इंग्रजीत याला जे नाव आहे त्याचा सरळ मराठी अर्थ परांची. इमारत उभी राहीपर्यंत बाहेरून बांधायची आणि काम संपले की सोडायची ती परांची. आमच्या वसाहतीतला तो तरुण जिच्यावरून पडला तीही परांचीच. हे त्याला सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला होता.

परांची करायची कशाची, याला आता पुष्कळ पर्याय आहेत. कोलॅजेन हे आपल्याच कातडीत आणि हाडांत असणारे प्रथिन आहे. रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिन, कोळंबी व खेकड्यांच्या कवचापासून निघणारे कायटोसान, समुद्रशेवाळापासून मिळणारे अल्जिनेट, रेशमातले प्रथिन, आणि कारखान्यात बनवलेले अनेक पदार्थ, या सर्वांवर प्रयोग झाले आहेत. काही सामग्री घट्ट तुकड्यांच्या रूपात बसवतात. काही हायड्रोजेल असतात, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जेली. ती सुईने पातळ सोडली की आत जाऊन थिजते. चिरडलेल्या मेरुरज्जूची पोकळी वेडीवाकडी असते. तिथे घट्ट तुकडा बसवण्यासाठी चांगला भागही कापावा लागण्याची भीती असते. जेली मात्र कोपऱ्याकोपऱ्यात जाते.

वरवर सोपे दिसणारे हे काम प्रत्यक्षात फार नाजूक आहे. सामग्री मेरुरज्जूइतकीच मऊ हवी. कडक झाली, तर पाठ वाकली की शेजारचा खरवस ती खरवडून काढील. ती विरघळली पाहिजे, पण वेळेवर. धागे पोहोचण्याआधी विरघळली तर पूल अर्धवट पडला. फार काळ राहिली तर तीच वाटेत अडथळा. विरघळताना सुटणारी आम्ले एकदम साचली तर दाह वाढतो. शिवाय नुसती छिद्रे पुरत नाहीत, दिशाही हवी. अक्षतंतूंनी वरून खाली जायचे आहे, स्पंजात शिरून तिथेच घुटमळायचे नाही. म्हणून आत उभ्या नळ्या किंवा समांतर तंतू ठेवतात. आणि रिकामी परांची क्वचितच पुरते. तिच्यात पोषक प्रथिने भरून ठेवावी लागतात, किंवा पेशी रुजवाव्या लागतात, किंवा भिंतीवरच्या साखरेच्या साखळ्या तोडणारे विकर साठवून ते थेंबाथेंबाने सोडावे लागते. या विकराचा चांगला परिणाम २००२ साली उंदरांत दाखवला गेला होता.

त्याच २००२ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या शास्त्रज्ञांनी टाक्यांच्या त्या पदार्थाची परांची करून तिच्यात चेता-मूळपेशी रुजवल्या आणि ती अर्धा मेरुरज्जू कापलेल्या उंदरांत बसवली. त्यांची चाल परांची न बसवलेल्या उंदरांहून बरीच सुधारली. या कामात रॉबर्ट लँगर होते. शरीरात औषध हळूहळू सोडणाऱ्या पदार्थांसाठी ते जगभर ओळखले जातात. २०१९ साली सॅन डिएगो येथे मार्क टुझिन्स्की आणि शाओचेन चेन यांच्या गटाने छपाई यंत्राने उंदराच्या मेरुरज्जूच्या मापाची दोन मिलिमीटरची परांची अवघ्या १.६ सेकंदांत छापली. आत केसाच्या जाडीच्या सुमारे दुप्पट रुंदीच्या नळ्या होत्या. मूळपेशींसह ती बसवल्यावर मेरुरज्जू पूर्ण कापलेल्या उंदरांच्या मागच्या पायांत काही हालचाल परतली. २०२१ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युअल स्टप यांनी निराळाच मार्ग दाखवला. त्यांनी एक द्रव तयार केला. तो आत गेल्यावर सूक्ष्म तंतूंची जाळी होते आणि तिच्यातले रेणू स्थिर न राहता सारखे हलत असतात. हलते रेणू पेशींच्या ग्राहकांना अधिक वेळा भिडतात, म्हणून संदेश अधिक चांगला पोहोचतो. दुखापतीनंतर एका दिवसाने एकच इंजेक्शन दिलेले उंदीर चार आठवड्यांत चालू लागले आणि बारा आठवड्यांत ती सामग्री शरीरात जिरून गेली.

अशी बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा मथळा असतो, 'अर्धांगवायूवर औषध सापडले'. वाचणाऱ्या घरात त्या रात्री कोणी झोपत नाही. म्हणून पुढचा भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे वाक्य सर्वांना पाठ आहे, पण त्यातला हिशेब कोणी मांडत नाही. उंदराच्या मेरुरज्जूत काही मिलिमीटर ओलांडले की निम्मी लढाई जिंकली. माणसात छातीच्या दहाव्या मणक्यापाशी तुटलेल्या धाग्याला पोकळी ओलांडून आणखी कित्येक सेंटिमीटर जायचे असते. मानेतून तुटलेल्या धाग्याला तर तीस-चाळीस सेंटिमीटर. बोटाच्या मज्जातंतूचा वेग गृहीत धरला तरी दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे तीस सेंटिमीटरला तीनशे दिवस. तेही विनाअडथळा आणि वाट न चुकता. शिवाय उंदीर चार पायांवर चालतो आणि त्याच्या मेरुरज्जूच्या खालच्या भागातली यंत्रणा मेंदूच्या थोड्याशा मदतीनेही पावले टाकते. आणि बहुतेक प्रयोगांत उपचार दुखापतीनंतर लगेच होतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे खाटेवर असलेला माणूस प्रयोगशाळेतल्या त्या उंदरासारखा नसतो.

माणसांवर काय झाले? टाक्यांच्या पदार्थाची ती परांची पुढे इनव्हिवो थेरप्युटिक्स या अमेरिकन कंपनीने हाती घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे ती प्रथम एका रुग्णाच्या मेरुरज्जूत बसवली गेली. छातीच्या पातळीवर पूर्ण दुखापत झालेले रुग्ण निवडले होते. ही पूर्णता मोजायला 'ए' ते 'ई' अशा पाच पायऱ्या आहेत. 'ए' म्हणजे मेरुरज्जूच्या अगदी शेवटच्या खंडापर्यंत ना संवेदना ना हालचाल, आणि 'ई' म्हणजे सर्व ठीक. पहिल्या चाचणीत सहा महिन्यांनी तपासलेल्या १६ रुग्णांपैकी ७ जण 'ए' पायरीवरून वर सरकले. केवढी आशा निर्माण झाली असेल! पण यातली मेख अशी की, 'ए' पायरीवरचे काही रुग्ण कोणताही विशेष उपचार न करताही पुढच्या महिन्यांत थोडे सुधारतात. सूज उतरते, दबलेले पण न तुटलेले धागे जागे होतात. मग ही सुधारणा परांचीची की निसर्गाची?

हे ओळखण्याचा एकच मार्ग आहे. सारख्या रुग्णांचे दोन गट करायचे. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवायचे. एका गटाला परांची बसवायची, दुसऱ्याला नेहमीचीच शस्त्रक्रिया आणि शुश्रूषा. दुसरी चाचणी अशीच झाली. तीत २० रुग्ण होते. २०२३ साली निकाल आला. परांची बसवलेला गट दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरला नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या निकालाची बातमी आपल्याकडे कोणत्या मथळ्यात झळकल्याचे आमच्या पाहण्यात नाही. खरे तर २०१४ च्या बातमीपेक्षा ही अधिक मोलाची होती. ती विकत घेण्याजोगे सामान म्हणून बाजारात आली असती, तर किती कुटुंबांची शेते गेली असती! दुसऱ्या गटातल्या, म्हणजे काहीच न मिळालेल्या रुग्णांनी हे सर्वांसाठी शोधून दिले. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

चीनमध्ये दाई जिआनवू यांच्या गटाने २०१५ पासून कोलॅजेनच्या समांतर तंतूंची परांची जुन्या दुखापतीच्या रुग्णांत बसवली. पहिल्या पाच जणांत वर्षभर गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, संवेदनेत वगैरे काही सुधारणा नोंदवली गेली. पण तुलनेचा गट नव्हता. पोलंडमध्ये २०१२ साली एका रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. चाकूने कापलेल्या त्याच्या मेरुरज्जूतली आठ मिलिमीटरची फट त्याच्याच घोट्याजवळील मज्जातंतूच्या पट्ट्यांनी सांधली आणि त्याच्याच घ्राणपेशी त्यात सोडल्या. तो आधार घेऊन चालू लागला हे खरे. परंतु तो एकटा रुग्ण, स्वच्छ कापलेली जखम आणि त्यासोबत वर्षानुवर्षांचा कठोर व्यायाम. दुसऱ्या वाटेने जाणारेही आहेत. २०१८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मेरुरज्जूवर विजेचे सूक्ष्म धक्के देऊन काही रुग्णांना आधाराने चालवले गेले. त्यांच्यात थोडे धागे वाचलेले होते. अनेकांना वाटते की, शेवटी उपाय सापडेल तो या सर्वांच्या मिळून होईल. परांची, पेशी, विकर, वीज आणि व्यायाम. आम्हालाही तसेच वाटते, पण तारीख सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये.

आता त्या इंजेक्शनांविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली मूळपेशींबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार रक्ताच्या काही विकारांत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे रोपण हा मान्य उपचार आहे. मेरुरज्जूच्या दुखापतीसारख्या इतर आजारांत मूळपेशी द्यायच्या, तर त्या केवळ रीतसर मंजूर चाचणीचा भाग म्हणूनच, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे वाक्य वाचकांनी पुन्हा वाचावे. चाचणी म्हणजे प्रयोग, आणि प्रयोगाचा खर्च रुग्णाने भरायचा नसतो. जो दवाखाना लाखांचे दरपत्रक हातात देतो आणि यशाची टक्केवारी सांगतो, त्याला विचारावे की, ही चाचणी भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत कोणत्या क्रमांकाने नोंदलेली आहे? नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे? अपाय झाला तर भरपाई कोण देणार? नोंदवही सरकारी आहे, २००७ पासून आहे आणि कोणालाही मोबाईलवर पाहता येते. त्या वडिलांना हे तीन प्रश्न ठाऊक असते तर!

ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे, त्यांना या सर्वांतून काय मिळाले, असे कोणी विचारील. तेव्हा रोजच्या गोष्टींकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा थोड्या अवधीत मरत. मरत ते मेरुरज्जूमुळे नव्हे, तर पाठीवर पडणाऱ्या शय्याव्रणांमुळे आणि लघवीच्या जंतुसंसर्गामुळे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी विभाग सुरू केला. त्यांचा पहिला हुकूम कोणत्याही औषधाचा नव्हता. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायची. अंगठा हलवता येत नसला तरी माणूस जगवता येतो, शिकवता येतो, कामाला लावता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९४८ साली त्यांनी तिथे चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंच्या स्पर्धा भरवल्या. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. याच पॅरालिम्पिकमध्ये १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय लुळे पडले होते. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले, ते असो.

कूस बदलणे, लाल झालेली कातडी रोज आरशाने तपासणे, लघवीची नळी स्वच्छ हातांनी ठरल्या वेळी घालणे, सांधे आखडू नयेत म्हणून दिवसातून दोनदा हलवणे, यांत काही नवलाईचे नाही. पण उद्या खरोखरच परांची यशस्वी झाली, तर ती बसवण्याजोगे शरीर ज्याने टिकवले असेल त्यालाच तिचा लाभ होईल. पाठीला व्रण, मूत्रपिंडे निकामी आणि गुडघे कायमचे वाकलेले असतील, तर मेरुरज्जूत धागा वाढूनही काय करील? पुण्याजवळ खडकी येथे जवानांसाठीचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. अशा ठिकाणी या गोष्टी शिकवल्या जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवायला उशीर करू नये.

आणि पहिला तास. उंचावरून पडलेला माणूस 'पाय बधिर झाले' असे म्हणाला, तर त्याला उठवून बसवू नये, हातापायांना धरून उचलू नये, रिक्षात कोंबू नये. मान आणि पाठ एका रेषेत धरून, तीन-चार जणांनी मिळून ओंडक्यासारखे एकदम वळवून फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. न तुटलेले धागे वाचवणारी याहून स्वस्त सामग्री अजून कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेली नाही. दाराचे एक फळकूट पुरते.

तो तरुण आता घरी बसून रंगकामाचे अंदाजपत्रक करून देतो. चार ठेकेदार त्याच्याकडे येतात. भिंत न पाहता, नुसत्या मोबाईलवरच्या फोटोवरून किती लिटर रंग लागेल ते तो सांगतो आणि सहसा चुकत नाही. हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो त्याला वाचून दाखवला. २०२३ च्या निकालापाशी त्याने आम्हाला थांबवले.

"म्हणजे काका, ज्यांना बसवली त्यांच्या पाठीतली ती परांची आता विरघळून गेली असेल?"

"गेली असेल."

"मग पुढच्या वेळी जरा घट्ट गाठ मारायला सांगा त्यांना," तो म्हणाला. तेवढ्यात मोबाईलचा गजर वाजला. त्याने चाकाच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, अंग गादीपासून वर उचलले आणि ओठातल्या ओठात तीसपर्यंत मोजले. वडिलांनी तेवढ्यात खालची गादी नीट केली. दर अर्ध्या तासाने हा गजर वाजतो.